करवत कुणाच्या दारी?

१८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलचं नशीब उघडलं. देशावरून मालाने भरलेल्या बैलगाड्या घाट उतरून थेट पनवेल बंदरात येऊ लागल्या. माल मचव्यांत, पडावांत चढायचा आणि भरतीच्या पाण्यावर मुंबईला जायचा. गाडीवान मात्र परत घाटावर. आणि जाताना तो पनवेलमधून एक वस्तू हमखास न्यायचा: चाकांची नवी जोडी. ब्रिटिशांच्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून चाकं घडवण्याचीच नोंद आहे.

आज पनवेलच्या आजूबाजूला नवी मुंबई पसरली आहे. मी त्यातल्या नेरूळमध्ये राहतो. इथल्या दुकानात मिळणारी चाकं अलॉयची असतात. पण त्या जुन्या चाकांच्या नोंदीने मला एका वेगळ्याच माणसाच्या शोधात लावलं. चाक म्हणजे मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेरचे वाकडे पाटे आणि वर लोखंडी धाव. हे सगळं जुळवतो तो सुतार, धाव चढवतो तो लोहार. दोघांचीही नावं बलुतेदारांच्या यादीत आहेत. पण सुताराच्या हातात लाकूड येण्याआधी कुणीतरी आख्खा ओंडका उभा चिरलेला असतो. तो माणूस कुठे आहे?

त्याचा इतिहास शोधताना एक साधा प्रश्न हाताशी ठेवला की बराच गुंता सुटतो. करवत ओंडक्याकडे जाते, की ओंडका करवतीकडे? प्रश्न किरकोळ वाटेल. पण झाडाचा पैसा कुणाच्या खिशात जातो, हे गेली तीनशे वर्षं याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आलं आहे. आपल्या रस्त्यावर पडलेल्या झाडाचं काय होतं, तेही.

वरचा आणि खालचा

आधी एक फरक. लाकूड कापणं वेगळं आणि चिरणं वेगळं. आडवं तोडलं की कापणं, धाग्याच्या दिशेने उभं फाडत नेलं की चिरणं. कापायला ताकद लागते. चिरायला ताकद लागतेच, वर नजर लागते.

यंत्र यायच्या आधी हे काम दोघांचं असे. ओंडका लाकडी घोडीवर तिरका चढवायचा, नाहीतर खड्ड्यावर आडवा टाकायचा. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. मध्ये माणसाच्या उंचीएवढी लांब करवत. ओंडक्यावर आधीच रंगात भिजवलेलं सूत ताणून, चिमटीत धरून सोडलेलं असे. त्याची सरळ रेघ उमटायची. 'सूत्रधार' या शब्दापासून 'सुतार' आला, तो याच सुताचा. वरच्याचं काम करवत त्या रेघेवर ठेवण्याचं, खालच्याचं ती खाली खेचण्याचं. दात खाली येतानाच लाकूड कापत. त्यामुळे कष्ट खालच्याचे जास्त, आणि भुसाही त्याच्याच डोळ्यांत.

या कामाचा मेहनताना म्हणजे चिरणावळ. सोनाराची घडणावळ असते ना, तसाच शब्द. भाषेत करवत इतर ठिकाणीही रुतून बसली आहे. दातेरी किनार असलेली विदर्भातली साडी करवतकाठी झाली. मोक्षासाठी काशीला जाऊन करवतीखाली देह ठेवण्याच्या जुन्या समजुतीवरून 'काशीकरवत' हा शब्द आला. ज्या समाजाने मोक्षाच्या दारातही करवत ठेवली, त्याने करवत चालवणाऱ्याचं नाव मात्र फारसं कुठे लिहून ठेवलं नाही.

या पद्धतीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की करवत हलकी होती. दोन माणसं ती खांद्यावर टाकून चालत जाऊ शकत. घर बांधायचं ठरलं, परसातला फणस किंवा आंबा पाडला, की करवतवाल्यांना निरोप जायचा. ते दारात येत आणि अंगणातच घोडी उभी करून तुळया, वासे, फळ्या काढून देत. झाड मालकाचं, फळी मालकाची, भुसाही मालकाचा. करवतवाल्याला फक्त चिरणावळ. करवत ओंडक्याच्या दारी जात होती.

आरमार आणि एक आज्ञा

करवतीला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते जहाजबांधणीचं. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तिथल्या खाडीत आरमाराची पहिली जहाजं बांधायला सुरुवात झाली. जागा का निवडली हे नकाशा पाहिला की कळतं. मागे सागाचं जंगल, पुढे खाडी. जड ओंडका वाहून आणायचा तर पाण्यासारखा दुसरा बैल नाही.

पण आरमाराला लाकूड लागतं म्हणजे कुणाच्या तरी दारातलं झाड लागतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या राजनीतीवरच्या ग्रंथात, यावर एक सविस्तर परिच्छेद आहे. तो व्हॉट्सअ‍ॅपवर 'महाराजांचं पत्र' म्हणून फिरतो, ते तुम्हीही कधी ना कधी पुढे पाठवलं असेल. त्याचा आशय असा: जहाजांसाठी साग वगैरे लाकूड जंगलातून घ्यावं, पण हुजूरची परवानगी घेऊन. कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा, फणस ही झाडंही उपयोगाची आहेत, पण त्यांना हात लावू नये; ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. जबरदस्ती करू नये.

हा परिच्छेद आपण पर्यावरणप्रेमाचा पुरावा म्हणून वाचतो. मला तो हिशेबाचा कागद वाटतो. झाड तोडण्याआधी तो तीन प्रश्न विचारतो. हे झाड कुणी वाढवलं? त्याचं आयुष्य सरलंय का? मालकाला पैसे मिळाले का? जंगलातला साग आणि दारातला फणस यांना तो एका मापाने मोजत नाही. हे तीन प्रश्न लक्षात ठेवूया. पुढे ते पुन्हा लागतील.

मुंबई बेटावर तेव्हा दुसरंच गिऱ्हाईक उभं राहत होतं. १७३० च्या दशकात सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत त्यांच्या घराण्याने दीडशेच्या आसपास वर्षं जहाजं बांधली. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेलं 'मिंडन' १८१० मध्ये, 'कॉर्नवॉलिस' १८१३ मध्ये आणि 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. चीनला नमवणारा नानकिंगचा तह १८४२ मध्ये याच 'कॉर्नवॉलिस'वर झाला. 'त्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या गोदीत तरंगत उभं आहे. दोनशे वर्षं टिकलेल्या त्या सागाच्या फळ्या मुंबईत चिरल्या गेल्या. जहाजाबरोबर वाडियांचं नाव राहिलं. खालच्या खड्ड्यात उभं राहून भुसा खाणाऱ्याचं राहणार नव्हतंच.

तो साग मुख्यतः मलबारचा होता. त्यासाठी कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला मलबारात वनसंरक्षक नेमलं. साग म्हणजे सरकारी मालमत्ता, असा त्याचा खाक्या. जमीनमालक आणि व्यापारी इतके वैतागले की १८२३ मध्ये हे पदच रद्द करावं लागलं. अमात्यांचे तीनही प्रश्न तिथे कुणी विचारले नव्हते.

करवतीला चाकं नव्हती

युरोपात हाताची करवत आधीच अडचणीत आली होती. १५९० च्या दशकात हॉलंडमध्ये पवनचक्कीवर चालणारी करवत आली आणि डच जहाजं झपाट्याने बांधली जाऊ लागली. लंडनमध्ये अशीच पवनचक्की लाइमहाउस भागात उभी राहिली, तेव्हा मे १७६८ मध्ये शेकडो करवतवाल्यांनी चाल करून जाऊन तिची मोडतोड केली. यंत्राने नोकऱ्या जाणार ही भीती काही चॅटबॉटच्या काळात जन्मलेली नाही.

१८०८ मध्ये विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने पट्ट्याच्या करवतीचं पेटंट घेतलं. पोलादाची लांब पट्टी, तिचं कडं करून दोन चाकांवर चढवलेलं, आणि ते सतत फिरणारं. तेव्हाची पट्टी सारखी तुटायची, म्हणून ही कल्पना रुळायला आणखी काही दशकं गेली. आज वखारीत जी बँडसॉ दिसते, ती हीच.

या यंत्राने आपल्या प्रश्नाचं उत्तर उलटं केलं. करवत आता वाफेच्या, पुढे विजेच्या इंजिनाला जोडलेली, काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेली. ती हलणार नाही. ओंडका मात्र रुळावरच्या गाडीवर चढतो आणि करवतीसमोरून पुढे-मागे जातो. आता ओंडका करवतीच्या दारी जाऊ लागला. आणि जिथे करवत बसली तिथे वखार झाली, जिथे वखार तिथे भाव ठरवणारा शेठ. मुंबईत रे रोडजवळच्या बंदराचं नावच लकडी बंदर आहे.

भाव कसा ठरतो हेही पाहण्यासारखं आहे. ओंडका गोल, घनफूट चौकोनी. एडवर्ड हॉपस या इंग्रजाने १७३६ मध्ये यासाठी कोष्टकांचं पुस्तक काढलं, आणि ती पद्धत आपल्याकडच्या वखारींत अजून चालते. ओंडक्याचा घेर मोजायचा, त्याला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. घेर ४ फूट, लांबी १० फूट असेल तर उत्तर १० घनफूट. पण शाळेतलं वर्तुळाचं सूत्र लावलं तर खरं लाकूड भरतं १२.७ घनफूट. म्हणजे दर ओंडक्यात साधारण २१ टक्के लाकूड मोजलंच जात नाही. साल, कडेच्या गोल फळ्या आणि भुसा यांची ती आगाऊ वजावट. झाड दारात चिरलं जात होतं तेव्हा हे २१ टक्के अंगणातच राहायचे: चुलीला, कुंपणाला, गोठ्याला. ओंडका वखारीत विकला की ते तिथेच राहतात.

जंगलाचं कुलूप

करवत एका जागी बसली ती यंत्राने. तिला कुलूप लागलं ते कायद्याने.

१८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि मग देशभर रुळांखालच्या स्लीपरांसाठी जंगलं पडू लागली. १८६५ चा वन कायदा, त्याहून कडक १८७८ चा, आणि आजही लागू असलेला १९२७ चा. यांनी जंगलाच्या सीमा आखल्या, ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण सक्तीची केली, वाहतुकीला पास लावला. रायगड-ठाण्यातले कातकरी खैराच्या लाकडापासून कात काढत, त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. राखीव जंगलात खैराला हात लावणं हा गुन्हा झाला, आणि एका समाजाच्या नावातला धंदाच त्याच्या हातून गेला.

ही गोष्ट नवी मुंबईपासून लांबची नाही. उलव्यावरून उरणच्या बाजूला गेलं की चिरनेर लागतं. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. आसपासच्या गावांतले शेतकरी, कोळी, कातकरी, आगरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगलाचा कायदा मोडायला जमले. गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. मिठाचा सत्याग्रह आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. लाकडाचा सत्याग्रह आपल्या शहराच्या वेशीवर झाला.

स्वातंत्र्यानंतर झाडांची यादी झाली. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याने साग, खैर, ऐन, किंजळ, चिंच, जांभूळ अशा ठरावीक जाती खासगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडायला बंदी केली. त्या यादीत आंबा आणि फणसही आहेत. अडीचशे वर्षांनी अमात्यांची दोन झाडं पुन्हा कायद्यात आली, पण 'मालकाच्या संतोषाने' हा भाग आला नाही. शहरांसाठी १९७५ मध्ये वेगळा कायदा झाला. तोवर १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली होती आणि खाडीपलीकडच्या गावांची जमीन संपादन करून नवं शहर आखलं जात होतं.

नीलांबूरचा माणूस

आता पुन्हा मलबारात जावं लागेल, कारण या गोष्टीचं कुलूप पक्कं करणारा माणूस तिथलाच. वॉटसनचं पद रद्द झाल्यावरही ब्रिटिश नौदलाची सागाची भूक भागली नव्हती. म्हणून १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कोनोली याने नीलांबूरला सागाची लागवड केली. ती जगातल्या सर्वांत जुन्या सागवनांपैकी एक. त्याच नीलांबूरच्या राजघराण्यातले टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी १९९५ मध्ये, निलगिरीतल्या गुडालूर भागातली जंगलतोड पाहून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

१२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने देश बदलला. जंगल म्हणजे सरकारदरबारी नोंदलेलं जंगल नव्हे, शब्दकोशाच्या अर्थाने जे जंगल ते जंगल, असं न्यायालयाने ठरवलं. परवानगीशिवाय जंगलातली तोड थांबली आणि वनजमिनीवरच्या विनापरवाना आरागिरण्या बंद करायला सांगितलं गेलं. २००२ मध्ये आणखी आदेश आला की न्यायालयाच्या समितीच्या संमतीशिवाय कुठल्याही राज्याने नवी आरागिरणी उघडू देऊ नये. २०१६ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढून हे अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे दिले.

हे गरजेचं होतं का? होतं. आरागिरणी हे जंगलचोरीचं सर्वांत सोयीचं ठिकाण असतं. ओंडक्याला साल असते, घेर असतो, हातोड्याची खूण असते. तो कुठून आला ते विचारता येतं. एकदा चिरला की उरते गुळगुळीत फळी, आणि फळी काही बोलत नाही. म्हणून सरकारने झाडाऐवजी करवतीवर पहारा बसवला. प्रत्येक झाडामागे माणूस उभा करता येत नाही, प्रत्येक गिरणीच्या दारात करता येतो.

मात्र या पहाऱ्याची एक अट आहे. करवतीला पत्ता हवा. परवाना मिळतो तो अमुक जागेतल्या अमुक यंत्राला, आणि ते दुसरीकडे हलवायचं तरी मंजुरी लागते. दोन माणसांच्या खांद्यावरून गावोगाव जाणारी करवत कायद्याच्या नजरेत आता संशयित झाली.

पडलेल्या झाडाचं काय होतं

नवी मुंबईतली मोठी झाडं बहुतेक शहराच्याच वयाची. सिडकोच्या आखणीबरोबर रस्त्याकडेला लावलेले वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर. यातली काही दर पावसाळ्यात पडतात. फांद्या गाड्यांवर येतात, वायर तुटतात, सकाळी माणसं येतात, कटर सुरू होतो. तासाभरात चाळीस वर्षांच्या खोडाचे दोन-दोन फुटांचे तुकडे होऊन टेम्पोत पडतात. एकदा मी एका कटरवाल्याला विचारलं, लांब का ठेवत नाही? तो म्हणाला, "साहेब, टेम्पोत मावायला नको का? आणि लांब ठेवून चिरणार कोण?"

एवढाच प्रश्न आहे. चिरणार कोण?

वर्षावृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. त्याचा गाभा तपकिरी, नक्षीदार असतो. थायलंडमध्ये त्याच्यावर कोरीवकाम होतं, हवाई बेटांवर त्याच्या वाडग्यांना आणि टेबलांना चांगलं गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे तो सरपण होतो. दोन फुटांच्या तुकड्यातून फळी निघत नाही, आणि आख्खं खोड वखारीपर्यंत न्यायचा क्रेन-ट्रकचा खर्च लाकडाच्या किमतीहून जास्त होतो. नेलं तरी वखारवाला शहरातलं झाड घ्यायला नाखूश. जाहिरातींचे बोर्ड, केबल, दिव्यांच्या माळा यांसाठी आपण झाडांत इतके खिळे ठोकतो की एका खिळ्यात महागडी पट्टी तुटते. खोड वाढत जातं आणि खिळा आत गिळून टाकतं. बाहेरून दिसतही नाही.

त्याच वेळी आपल्या घरात लाकूड येतच असतं. देशी जंगलातून ते आटलं, पण मागणी आटली नाही. म्हणून ते कंटेनरमधून न्हावा शेव्याला उतरतं. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली तेव्हा आयातदार आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीच्या सागाकडे वळले. म्हणजे शहराच्या एका टोकाला हजारो मैलांवरचा ओंडका उतरतो आणि दुसऱ्या टोकाला दारातला ओंडका जळणात जातो. मधल्या मधे एक गोष्ट कमी आहे: ओंडक्यापर्यंत जाणारी करवत.

एका जागी मात्र जुनं चक्र अजून फिरतं. चाळी आणि वाडे पाडले की त्यातल्या सागाच्या तुळया विकल्या जातात, खिळे उपटून पुन्हा चिरल्या जातात आणि नव्या फ्लॅटच्या दाराच्या चौकटी होतात. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, त्याला वाकणं-फाटणं माहीत नाही. अनेक सुतार नव्या सागापेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवतात.

चालती गिरणी

जगात या कोड्याचं उत्तर सापडलेलं आहे. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीत गावकऱ्यांच्या हाती एक छोटी गिरणी आली. तिथल्या टोक पिसिन भाषेत तिचं नाव 'वोकाबाउट सोमिल', म्हणजे चालती-फिरती आरागिरणी. सुटे भाग करून ती जंगलात न्यायची, पडलेल्या झाडावर जोडायची, फळ्या तिथेच काढायच्या आणि त्या खांद्यावरून आणायच्या. परदेशी कंपनीला आख्खा ओंडका कवडीमोलाने विकण्याऐवजी गाव स्वतः फळी विकू लागलं. मोजणीत न येणारे ते २१ टक्के पुन्हा गावात राहिले.

अमेरिकेत आणि युरोपात आज ट्रेलरवरच्या गिरण्या सर्रास दिसतात. कार किंवा ट्रॅक्टरमागे लावून मालक गिऱ्हाइकाच्या शेतावर जातो, ओंडका पट्ट्यांनी जखडतो, आणि इंजिनासकट करवतीचं डोकं रुळांवरून ओंडक्यावर सरकत जातं. ओंडका स्थिर, करवत चालती. अगदी घोडीवरच्या ओंडक्यासारखं, फक्त वरचा आणि खालचा माणूस जाऊन त्यांच्या जागी पेट्रोल आलं. चिरणावळ तासावर किंवा घनफुटावर.

पातळ पट्टीचा फायदाही मोठा आहे. जाड गोल करवत एका कापात ६ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, पातळ पट्टी अडीच. २५ मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या तर ३१ सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्यातून पहिलीने १० निघतील, दुसरीने ११. अकरावी फळी म्हणजे फक्त भुसा वाचवल्याची कमाई.

मग अशा गिरण्या नवी मुंबईत का फिरू नयेत? उत्तर वर दिलंच आहे: फिरती करवत चोराच्याही दारी जाऊ शकते, आणि पारसिकच्या डोंगरापलीकडे जंगल आहे. वनखात्याची ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण आपला कायदा सध्या एकच प्रश्न विचारतो: करवत कुठे आहे? झाड कुठलं आहे, हे त्या प्रश्नात येत नाही. मेळघाटातला चोरलेला साग आणि वाशीच्या रस्त्यावर वादळात पडलेला वर्षावृक्ष करवतीच्या दारात सारखेच संशयित ठरतात.

इथे अमात्यांचे तीन प्रश्न उपयोगी पडतात. कुणी वाढवलं? शहराने, आपल्या करातून. आयुष्य सरलंय का? पडलंय, म्हणजे सरलंय. पैसे कुणाला मिळावेत? ज्याचं झाड त्याला. शहरातल्या झाडाची तर आधीच मोजणी होते, तोडायला परवानगी लागते, पडलं की नोंद होते. म्हणजे त्या ओंडक्याचा जन्मदाखला आणि मृत्यूदाखला दोन्ही तयार असतात. जंगलातल्या ओंडक्यावर हातोड्याची खूण असते, तशी यावर नोंदीचा क्रमांक असू शकतो. परवाना महापालिकेच्या एकाच गिरणीला द्यावा, ती ठरलेल्या आवारात उभी राहावी, मोठं झाड पडलं तर नोंद करून तिथवर जावी, आणि सोबत खिळे शोधायचं धातुशोधक यंत्र असावं. यात सर्वोच्च न्यायालयाच्या हेतूला कुठेही धक्का लागत नाही. पहारा राहतोच, फक्त पहारेकरी करवतीबरोबर चालतो.

त्यातून काय मिळेल? शहराच्या सगळ्या गरजा भागणार नाहीत, हे उघड आहे. गुलमोहराचं लाकूड तकलादू असतं, सगळ्या खोडांतून फळी निघत नाही. पण बागेतले बाक, शाळेतली टेबलं, वाचनालयाची कपाटं एवढं तर निघेल. आणि चिरणावळ कुणाला तरी मिळेल. या भागातल्या गावांनी आपली शेतं शहराला दिली. तिथल्या तरुणांना शहराच्या झाडांवर चालणारा एक धंदा मिळायला हरकत नसावी.

पुढच्या पावसाळ्यात तुमच्या सेक्टरमध्ये झाड पडेल तेव्हा फोटो काढाच. पण कटर सुरू व्हायच्या आधी खोडाचा घेर मोजा, चारने भागा, वर्ग करा, लांबीने गुणा. जो आकडा येईल तेवढे घनफूट लाकूड तुमच्या डोळ्यांसमोर टेम्पोत चढत असेल. मग तो आकडा आपल्या नगरसेवकाला पाठवा आणि विचारा, करवत आमच्या दारी कधी येणार?